मुक्काम पोस्ट नदीकाठ

गेल्या दिवाळीच्या सुटीत एका रात्री जेवताना आमच्या धाकट्याने जाहीर केले, "अम्मी, मी आणि माझे तीन मित्र घोडाझरीला जाणार. पाण्याकाठी तंबू लावून एक रात्र राहणार. खर्च काहीच नाही, सगळे फुकट."

मी ताटातून मान वर न करता म्हणाले, "नाही."

वर्गात शिक्षिकेच्या 'नाही'ला कारण द्यावे लागत नाही. घरात अकरावीतला मुलगा कारण मागतो. त्याने मोबाइल पुढे केला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत बऱ्याच ठिकाणी लोक चौदा-चौदा दिवस एक पैसाही न देता तंबूत राहतात. नॉर्वेत तर १९५७ पासून तसा कायदाच आहे. कुणाच्या घरापासून दीडशे मीटर लांब राहा आणि दोन रात्री खुशाल मुक्काम करा. "आपल्याकडे एवढे जंगल, एवढी नदी, आणि आपण नागभीडचे लोक घरात पंख्याखाली झोपतो!"

थोरली तोवर गप्प होती. ती म्हणाली, "याला निदान 'नाही' तरी मिळाले. मला तर कुणी विचारलेसुद्धा नाही."

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप लागली नाही. माझे 'नाही' चूक नव्हते, पण ते आळशी होते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दोघांना समोर बसवून कारणे सांगितली.

पहिले कारण कायद्याचे. घोडाझरी आता नुसता तलाव राहिलेला नाही. २०१८ मध्ये त्या परिसराला अभयारण्य घोषित केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, मग रात्री तंबू ठोकून चूल पेटवणे लांबच राहिले. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलातही १९२७ चा वन कायदा लागू असतो. तिथे विनापरवाना शिरणे आणि विस्तव करणे हा गुन्हा आहे. दुसरे कारण वाघाचे. नॉर्वेच्या जंगलात वाघ नाही. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्या सहलीला गेल्या नव्हत्या. पोटासाठी गेल्या होत्या, आणि दिवसाउजेडी गेल्या होत्या.

तिसरे कारण मी मुलांना तोवर कधीच सांगितले नव्हते. ते माझ्या अब्बांचे आहे.

अब्बा १९८० च्या दशकात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनशी होते. उन्हाळा लागला की महिना-दीड महिना त्यांचा मुक्काम जंगलातल्या फळीवर असे. इकडे पाने गोळा करण्याच्या जागेला फळी म्हणतात. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक गोणी. दिवसभर पुडकी मोजायची, उन्हात उलटवायची, वहीत लिहायची आणि रात्री तिथेच मोकळ्यावर झोपायचे. फळीवर खाट एकच होती आणि ती मुनशीची होती. राखणीला असलेला मजूर जमिनीवर पोते टाकून झोपे. एके पहाटे तो पोट धरून उठला. सर्वांना वाटले काही बाधले असेल. कुणी लिंबू दिले, कुणी ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले. बैलगाडीतून सडकेपर्यंत नेईपर्यंत तो गेला. त्याला मण्यार चावली होती. मण्यारचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्या माणसाला बरेचदा कळतही नाही, आणि कित्येकदा अंगावर खूणही दिसत नाही.

अब्बा पुढे वीस वर्षे जगले. खाटेवर झोपताना ते अनेकदा म्हणत, "त्या रात्री खाट माझ्याखाली होती." एवढेच म्हणत. पुढे काही बोलत नसत.

हे ऐकून धाकटा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण कधीच जायचे नाही?"

मी म्हणाले, "जायचे. पण विचारून जायचे आणि सगळ्यांनी जायचे."

कुणाला विचारायचे? आमच्याकडे आधीपासून रोज रात्री मोकळ्यावर झोपणारी माणसे आहेत. हिवाळा लागून वैनगंगेचे पाणी उतरले की ढिवर समाजाची कुटुंबे पात्रातल्या रेतीत टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. वेल वाढेपर्यंत आणि फळ उतरेपर्यंत रानडुकरांपासून राखण करायची असते, म्हणून काठावर झोपडी बांधून कुणीतरी रात्रभर तिथे राहते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची अशी वाडी ब्रह्मपुरीच्या पलीकडे आहे. त्यांना निरोप पाठवला. गावच्या सरपंचांना आणि पोलीस पाटलांना भेटून कोण येणार, किती जण येणार, कधी परतणार ते सांगितले. पोलीस पाटील हसले. म्हणाले, "इथे लोक रेती न्यायला न विचारता येतात, आणि तुम्ही झोपायला विचारता!"

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही निघालो. दोन मुले, मुलांचे अब्बू आणि मी. सोबत एक उसना तंबू, दोन घडीच्या खाटा, तीन मच्छरदाण्या, चादरी, दोन विजेऱ्या, पाण्याचे कॅन, तांदूळ-डाळ आणि घरून भाजून नेलेल्या भाकऱ्या.

धाकट्याला तंबू थेट रेतीत, पाण्याच्या कडेला लावायचा होता. मोबाइलमधल्या चित्रात तसाच होता ना! आजोबांनी हातातली काठी आडवी धरली. "रेतीत नोका झोपू. या नदीचा पाणी आभाळातून येत नाही बाबू, गेटातून येते."

वरच्या अंगाला गोसीखुर्दचे धरण आहे. दारे उघडली की इथे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. २०२० च्या ऑगस्टअखेर वर मध्य प्रदेशात पाऊस झाला, धरणातून पाणी सोडले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या काठच्या गावांना पुराने वेढले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आजोबांनी आम्हाला काठावर, झोपडीपासून वीस पावलांवर, जुन्या पुराच्या खुणेच्या वरची जागा दिली. गुरे आणि जनावरे पाण्यावर उतरतात ती पायवाटही दाखवली आणि तिच्यापासून लांब राहायला सांगितले.

मला तेव्हा सहीह मुस्लिममधली हदीस आठवली. तिचा आशय असा आहे की रात्री मुक्काम करायचा तर वाट सोडून करा, कारण रात्री वाटेने जनावरे जातात आणि सरपटणारे जीव तिथे येतात. आजोबांनी ही हदीस कधी ऐकली नसणार. प्रवासात रात्री काढलेल्या माणसांचे शहाणपण वाळवंटात आणि वैनगंगेच्या काठी सारखेच असते.

मगरिबच्या आधी वुजूचे पाणी घ्यायला मुले नदीवर गेली. किब्ला कुठे, हे घरात भिंत सांगते. इथे भिंत नव्हती. अंधार पडल्यावर थोरलीला मी ध्रुवतारा शोधायला लावला. आपण सुमारे साडेवीस अक्षांशावर राहतो, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात लांब करून एक मूठ धरली की सुमारे दहा अंश होतात, म्हणजे दोन मुठींवर ध्रुव. ध्रुवाकडे तोंड केले की डावा हात पश्चिमेला. आपला किब्ला पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे, नऊ-एक अंशांवर आहे. तिने हे स्वतः मोजून काढले आणि आम्ही इशाची नमाज तिने दाखवलेल्या दिशेने अदा केली. वर मृग आणि व्याध लखलखत होते. आपले नागभीड काही मोठे शहर नाही, तरी एवढे तारे तिच्या छतावरून तिने कधी पाहिले नव्हते.

रात्री दर दोन-तीन तासांनी आजोबा उठून पत्र्याचा डबा वाजवत. दुसऱ्या फेरीला दोन्ही मुले त्यांच्यासोबत गेली. धाकट्याने विचारले, "आजोबा, इथे राहायचे पैसे लागतात का?"

"पैसा नाही लागत, बाबू. झोप लागते द्यायला."

झोपण्याआधी मी झोपडीत डोकावले. आजोबांचा नातू, असेल नऊ-दहा वर्षांचा, जमिनीवर तणसाच्या अंथरुणावर गाढ झोपला होता. आजोबांची खाट शेजारी होती. मी काही बोलले नाही. आमची एक खाट उचलून आत नेली, मुलाला तिच्यावर झोपवले, वर मच्छरदाणी बांधली आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या. सकाळी निघताना दोन्ही वस्तू तिथेच ठेवल्या. आजोबा नको म्हणत होते. मी म्हणाले, "ही माझ्या अब्बांकडून आहे."

आता थोडे वाचकांसाठी. सुटीत कुणाच्या मुलांनी असा हट्ट धरला तर 'नाही' म्हणून मोकळे होऊ नका, आणि 'जा' म्हणूनही मोकळे होऊ नका.

उन्हाळा हा आपल्याकडे मोकळ्यावर राहण्याचा काळ नव्हे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ असतो, पाचोळा ठिणगीची वाट बघत असतो, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर वाघ-बिबटे येतात. पावसाळ्यात नदी आणि साप दोन्ही नकोत. डिसेंबर-जानेवारी बरा.

जागा गावाला लागून, राखणदार माणसाच्या हाकेच्या अंतरावर घ्या. अभयारण्य आणि राखीव जंगल टाळा, नाहीतर वनविभागाची परवानगी काढा. २००६ च्या वनहक्क कायद्याने कित्येक गावांना आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला. अशा ठिकाणी जंगलाची राखण ग्रामसभा करते, म्हणून तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

जमिनीवर झोपू नका. तंबूत झोपणार असाल तर त्याची चेन पूर्ण लावा, उघड्यावर झोपणार असाल तर खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच. ती डासांना अडवते, म्हणजे मलेरियाला अडवते, आणि मण्यारलाही अडवते. जोडे घालण्यापूर्वी झटका. रात्री विजेरीशिवाय उठू नका. पहाटे कुणाचे पोट अकारण दुखू लागले, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर ओवा-लिंबात वेळ घालवू नका. दंश दिसो वा न दिसो, हातपाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा. कापणे, चोखणे, झाडफूक काहीही नको.

चूल रेतीत, लहान. झोपण्यापूर्वी पाणी ओतून, हात लावून बघा. शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब जा, वीतभर खड्डा करा आणि बुजवा. पाणवठा, वाट आणि सावली या तीन जागी घाण करणाऱ्यांबद्दल हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, हे मुलांना घरीच सांगून ठेवा. मुलगी सोबत असेल तर आडोशाची सोय आधी बघा. सोय नाही म्हणून तिला घरी ठेवण्यापेक्षा एक जास्तीची चादर आणि चार बांबू नेणे सोपे आहे.

मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. 'मुकाम' अरबीतून फारसीत, तिथून उर्दूत आला आणि मराठीत 'मुक्काम' होऊन बसला. आपण प्रत्येक पत्त्याच्या आधी 'मु. पो.' लिहितो. मुक्काम म्हणजे थांबण्याची जागा. घराच्या पत्त्यातसुद्धा आपण मालक असल्याचे लिहीत नाही, थांबलो असल्याचे लिहितो. मग नदीकाठी एका रात्रीपुरते थांबताना तिथल्या माणसाला आधी विचारण्यात कमीपणा कसला?

एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलो. डांगरे तयार झाली होती. धाकट्याने दहा घेतली आणि भाव केला नाही. नातू झोपडीतून धावत बाहेर आला. मी आत डोकावले. खाट उभी करून ठेवली होती आणि मच्छरदाणी घडी घालून तिच्यावर टांगली होती. रोज बांधत असावेत, कारण दोऱ्यांच्या गाठी घासून काळ्या झाल्या होत्या.