अंबडला एक गटिंगवाला हवा

आमच्या मोहल्ल्यात बॅडमिंटनचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. एकदा थंडीत आणि एकदा रमजानमध्ये. तरावीह संपली की गल्लीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत दोरी बांधायची, जाळी नसेल तर दोरीवर जुनी ओढणी टाकायची, वरून एक हॅलोजन सोडायचा आणि सहरीची वेळ होईपर्यंत खेळायचं. वारा सुटला की फूल कुणाच्या तरी गच्चीवर जातं. मग खेळापेक्षा गच्चीवाल्याला उठवण्याची चर्चाच जास्त रंगते.

मागच्या रमजानमध्ये अशाच एका रात्री माझ्या भाच्याची रॅकेट गेली. कुठे आपटली नाही, कुणाच्या रॅकेटला लागली नाही. फूल फ्रेमच्या वरच्या कडेजवळ लागलं, 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि फ्रेमला चीर पडली. रॅकेट जेमतेम आठवड्याची होती. पोरानं सहा महिने पैसे साठवून ती घेतली होती.

"मामू, डुप्लिकेट निघाली," तो म्हणाला. मी रॅकेट हातात घेतली, चष्मा लावला आणि मुठीच्या वरचा शंकू उजेडात धरला. बारीक अक्षरांत ताणाची मर्यादा छापलेली होती, जास्तीत जास्त २४ पौंड. गटिंग केलं होतं २८ पौंडांनी. दुकानदारानं विचारलं होतं, किती पाहिजे? यानं सांगितलं, २८. टीव्हीवरचे खेळाडू तेवढंच मारतात, असं यानं कुठेतरी ऐकलेलं. दुकानदारानं मर्यादा वाचली नाही, गिऱ्हाइकानंही वाचली नाही. रॅकेट अस्सल होती की नक्कल, तो प्रश्न मग उरतच नाही. अस्सल असती तरी गेली असती.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगून टाकतो. आपल्याकडे लोक फ्रेमवर पैसे उधळतात आणि तारेवर वाचवतात. करायला हवं नेमकं उलटं. आणि त्यासाठी तालुक्याच्या गावाला चार महागड्या रॅकेटपेक्षा गटिंग करणारा एक जाणता हात जास्त गरजेचा आहे.

थोडा हिशेब करू. २२ पौंड म्हणजे साधारण १० किलो. रॅकेटमध्ये उभ्या तारा बहुधा २२ असतात आणि आडव्या २१च्या आसपास. म्हणजे उभ्या दिशेनं दोनशे किलोंच्या वर ओढ आणि आडव्या दिशेनंही जवळपास तेवढीच. हे सगळं तोलून धरते ८०-८५ ग्रॅम वजनाची कार्बनची फ्रेम. ती टिकते कारण दोन्हीकडची ओढ एकमेकींना सांभाळते. त्यामुळे गटिंग करताना उभ्या तारा मधून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशा ओढत जातात. नंतर आडव्या, आणि त्या उभ्यांपेक्षा एक-दोन पौंड जास्त कसतात, म्हणजे उभ्या तारांनी दाबलेली फ्रेम पुन्हा आकारात येते. ज्याला हा तोल कळत नाही त्याच्या हाती दिलेली रॅकेट मैदानात जायच्या आधीच वाकडी झालेली असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

एक तार तुटली तर बाकीच्या लगेच कापून टाकायच्या, हेही याच कारणानं. मधून बाहेरच्या दिशेनं, दोन्ही बाजूंनी सारख्या. आपल्याकडे तुटलेल्या तारेला गाठ मारून आठवडाभर खेळतात. मीही कॉलेजात असताना खेळलो आहे. काटकसर म्हणून केलं आणि फ्रेम घालवून बसलो.

आता ताण किती हवा? जास्त कसलं की फटका जोरात बसतो, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. होतं उलट. सैल तार फुलाला झेलून परत फेकते, जोर तारेतूनही मिळतो. कसलेली तार तुम्हाला काही देत नाही, सगळा जोर मनगटातून आणि खांद्यातून काढावा लागतो. बदल्यात फूल कुठे टाकायचं त्यावर ताबा मिळतो. शिवाय ताण वाढला की तारेतली चांगली जागा, जिथे लागलं तर फटका गोड बसतो, ती लहान होते. रोज चार-चार तास सराव करणाऱ्याला ते परवडतं. आठवड्यातून तीन दिवस खेळणाऱ्यानं २० ते २३ पौंडांत राहावं. खांदा आयुष्यभर पुरवायचा असतो.

तारेचंही तसंच. पातळ तार, म्हणजे ०.६५ मिलिमीटरच्या आसपासची, छान आवाज करते, फूल चटकन सोडते आणि लवकर तुटते. ०.७० मिलिमीटरची, योनेक्सची बीजी ६५ त्यातली, आवाजाला बोथट पण टिकाऊ. गल्लीत, वाऱ्यात, प्लास्टिकच्या फुलानं खेळणाऱ्यांनी डोळे झाकून ती घ्यावी. आणि तार तुटेपर्यंत थांबू नये. गटिंग झाल्या क्षणापासून ताण उतरायला लागतो, पहिल्या दिवशी तर सगळ्यात जास्त. वर्षभर न तुटलेली तार ही कौतुकाची गोष्ट नाही, ती मेलेली तार आहे. त्यात आपला उन्हाळा. एप्रिलमध्ये मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवलेल्या रॅकेटचं काय होत असेल ते समजायला शास्त्र लागत नाही.

उन्हाळ्यावरून आठवलं. प्लास्टिकच्या फुलाच्या बुडाशी रंगाची पट्टी असते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल जलद. गरम हवेत फूल लांब जातं, त्यामुळे आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने हिरवीच योग्य. दुकानात निळी हातात देतात आणि मग प्रत्येक फटका मागच्या रेषेबाहेर पडला की पोरं रॅकेटला शिव्या देतात.

फ्रेमबद्दल फार लिहीत नाही, कारण दुकानदार तेवढंच बोलत असतात. ४यू, म्हणजे ८० ते ८५ ग्रॅमची, फार ताठ नसलेल्या दांड्याची, वजन ना टोकाला ना मुठीला अशी मधल्या तोलाची रॅकेट घ्या. बहुतेकांना ती पुरते. टोकाकडे जड असलेली रॅकेट स्मॅश मारायला मजा देते, पण बचावाला हात उशिरा येतो; आणि आपल्या गल्लीत स्मॅश मारणारे सगळे, बचाव करणारे दोनच.

ग्रिपवर मात्र बोलायला हवं. योनेक्सच्या रॅकेटवर जी४, जी५ असं लिहिलेलं असतं. आकडा वाढला की मूठ बारीक. शंका असेल तर बारीक घ्यावी. बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मुठीला तासता येत नाही. जाड मुठीवर बोटं पुरत नाहीत, माणूस ती आवळून धरतो, मनगट फिरत नाही आणि कोपर दुखायला लागलं की दोष वयाला देतो. ज्यांच्या तळव्याला घाम जास्त, त्यांनी चकचकीत रबरी पट्टीऐवजी टॉवेलची घ्यावी. आणि जुन्या पट्टीवर नवी, तिच्यावर आणखी नवी असे थर चढवू नयेत. परवा एकाच्या रॅकेटच्या मी चार पट्ट्या सोडवल्या. सगळ्यात खालची ओली होती आणि तिला वास येत होता.

हे सगळं कुणाला सांगायचं आणि करून कुठे घ्यायचं? अंबडहून जालना पंचवीस-तीस किलोमीटर. एसटीनं जायचं, रॅकेट टाकायची, दोन दिवसांनी आणायला पुन्हा जायचं. गटिंगपेक्षा भाडं आणि बुडालेला रोज जास्त. मग लोक तुटेपर्यंत थांबतात, तुटल्यावर गाठ मारतात, किंवा दुकानात आयती तार लावून मिळणारी स्वस्त रॅकेट घेतात, जिची तार किती पौंडांवर आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या इंग्रजांनी बसवले, ज्या खेळाला त्या काळी 'पूना' असंच नाव होतं, ज्या खेळात सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला जिंकून भारताला पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद दिलं, त्या खेळाची तार बदलायला मराठवाड्यातल्या पोरानं जिल्हा गाठायचा.

नाटेकरांच्या काळी फ्रेम लाकडाची असे आणि तार जनावराच्या आतड्याची. इंग्रजीतलं 'गट' ते हेच, आतडं. आता तार नायलॉनची झाली, शब्द तसाच राहिला. मराठीत या तारेला तात म्हणतात, आणि ती आमच्या घरात होती. माझे नाना पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव गाद्या भरायला जायचे. काम सुरू करण्याआधी ते तातीवर बोट मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आवाज खाली आला असेल तर पुन्हा कसायचे. पावसाळ्यात तात ओल धरते, सैल पडते, हे त्यांच्याकडून ऐकलेलं मला चाळीस वर्षांनी रॅकेटच्या दुकानात आठवलं, कारण तिथला म्हातारा कारागीरही तारेवर नख मारून मान तिरकी करत होता. आता मोबाइलमध्ये आवाज ऐकून ताण सांगणारी ॲप आली आहेत. नानांनी ऐकलं असतं तर हसले असते.

भाच्याची रॅकेट फुटली त्यानंतर त्यानं एक गोष्ट मनावर घेतली. जालन्याच्या त्या कारागिराकडे तो रविवारी जाऊन बसायला लागला. आता त्याला वजन लटकवून ताण देणारं जुनं यंत्र घ्यायचं आहे, फ्रेम सहा ठिकाणी धरणारं. किंमत एका जुन्या मोटारसायकलएवढी. आयटीआय झालेला मुलगा आहे, फिटर. कारखान्यात कंत्राटावर जातो, सहा-सहा महिन्यांनी घरी बसतो. त्याच्या अब्बांचा, म्हणजे आमच्या दुल्हाभाईंचा, ठाम नकार. जेवताना ते मला म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी मोठ्या मुश्किलीनं तात सोडली. पोरांना शाळेत घातलं. आता हा परत तात धरणार?"

या वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पिंजाऱ्याचं काम सुटलं ते काही फक्त शिकलो म्हणून नाही, रुई पिंजायची यंत्रं आली म्हणूनही सुटलं. आणि त्या कामाला गावानं जी नजर दिली होती ती दुल्हाभाईंनी लहानपणी पाहिली आहे, मी तेवढी नाही पाहिली. त्यांची भीती खोटी नाही. पण ज्या कंत्राटाला ते नोकरी म्हणतात त्यात मुलाच्या हाताला काय येतं, हेही पाहायला हवं. २२ पौंड म्हणजे नेमके २२ पौंड ओढणारा माणूस मला कारकुनापेक्षा कमी वाटत नाही. गटिंगवर घर चालेल असं मी म्हणत नाही, चालणार नाही. सायकलच्या, मोबाइलच्या दुकानाच्या कोपऱ्यात यंत्र ठेवून जोडधंदा मात्र नक्की होईल. अंबडमध्ये, घनसावंगीकडच्या गावांत, शाळा-कॉलेजांत पोरं-पोरी खेळतात. मुलींना तर दोन फेऱ्या जिल्ह्याला मारायला घरातून कुणी सोडत नाही. त्यांची रॅकेट एकदा तुटली की खेळच सुटतो. माझ्या पुतणीचा असाच सुटला.

यंत्राच्या निम्म्या पैशांचं मी दुल्हाभाईंना सांगून टाकलं आहे, माझ्याकडून. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण परवा त्यांनी स्वतःच विचारलं की एका रॅकेटला वेळ किती लागतो. शिकाऊ हाताला दीड तास, मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

तोवर भाच्याला हात बसवायला जुन्या फ्रेम लागणार आहेत. अंबड परिसरात कुणाकडे माळ्यावर तुटक्या तारांच्या रॅकेट पडल्या असतील तर भंगारात घालू नका. चीर पडलेली फ्रेम मात्र नको, ती ताणाखाली यंत्रावरच फुटते.