दुखणे मराठीत, तपासणी दुभाष्यामार्फत

गेल्या पावसाळ्यात मावशीला घेऊन मी बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. काका गेल्यापासून तिला झोप नाही, जेवणावर वासना नाही. डॉक्टर भले गृहस्थ, पण त्यांना मराठी येत नव्हते आणि मावशीचे कानडी बाजारापुरते. म्हणून दुभाष्या मी. मावशी म्हणाली, "काळीज कुरतडल्यासारखं होतंय." मी पडलो बँकेतला कारकून. इंग्रजीत सांगून टाकले, छातीत दुखते. झाले! ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला आणि गॅसच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी परतलो. रिक्षात ती म्हणाली, "तुझ्यासमोर सगळं कसं सांगू रे? तू लेकरासारखा."

चूक डॉक्टरांची नव्हती, माझी होती. पण प्रश्न उरतोच. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते. मनाच्या दुखण्यात रुग्णाचे बोलणे हीच तपासणी, आणि ती भाच्याच्या तोंडून कशी व्हायची?

हे कर्नाटकाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. जिल्हा पातळीवर मानसिक उपचार देण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात झाला आणि पुढे १९९६ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कार्यक्रम सुरू झाला. धारवाडची मनोरुग्णांची सरकारी संस्थाही आपल्यापासून फार लांब नाही. तरीही बेंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले की, आजारानुसार शंभरातल्या ७० ते ९२ रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही देशाची गत. त्यात आपल्याला भाषेची अडचण वेगळी. मराठी जाणणारे खासगी डॉक्टर गावात नाहीत असे नाही, पण त्यांची फी दर महिन्याला सर्वांना परवडत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील २२ वे कलम सांगते की, आजाराची व उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळणे हा त्याचा हक्क आहे. आपले मंडळ वर्षानुवर्षे निवेदने देते. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तेथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यावेत, या तरतुदीवर आपण बोट ठेवतो. सातबारा मागितला, मतदार याद्या मागितल्या, बसवरचे फलक मागितले. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस मराठी बोलणारा समुपदेशक हवा, ही मागणी एकाही निवेदनात माझ्या वाचनात नाही. पुढच्या निवेदनात ती घालावी, आणि सातबाराच्या खाली नव्हे, वर घालावी.

ती न घालण्याचे कारण आपल्याच घरात आहे, हेही कबूल करू. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने मुलाच्या औषधांची बिले कधी बँकेकडे लावलीच नाहीत. का, तर हेड ऑफिसला कळेल! वास्तविक याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला लावले आहेत. पण बिल पुढे करायला माणूस तयार हवा ना? "वाड्यात असं कोणाला झालं नाही" हे वाक्य ज्या जुन्या घराण्यात म्हटले जात नाही, ते मला दाखवा.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. तिच्या भाषांत मराठी आहे. वाचकांनी हा क्रमांक लिहून ठेवावा. मावशीनेही तो दिनदर्शिकेवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला आहे, पण अजून लावलेला नाही. परवा विचारले तर म्हणाली, "फोनवर करीन रे कधीतरी. आधी समोर बसून ऐकणारी एखादी बाई मिळते का बघ."