फुलांनाही समय असतो

मागच्या आश्विनात आमच्या घरी अण्णांच्या पुण्यतिथीची बैठक झाली. अण्णा म्हणजे माझे वडील. वयाच्या पंधराव्या वर्षी ते आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन दरबारात बसू लागले आणि दुसऱ्याच वर्षी, १९४८ च्या सप्टेंबरात, दरबारच उरला नाही. तरी जुन्या हैदराबादेत लोक त्यांना अखेरपर्यंत दरबारी गवई म्हणत. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांच्याकडून मला मिळाले ते दोन तंबोरे, काही चिजा आणि अंगणातला पारिजातक.

बैठकीची तयारी विद्यार्थ्यांनी मोठ्या प्रेमाने अंगावर घेतली. त्यांनी एका सजावटवाल्याला बोलावले. अण्णांच्या तसबिरीभोवती जांभळ्या ऑर्किडची कमान उभी राहिली, दोन्ही बाजूंना कार्नेशनचे गुच्छ आले. सजावट देखणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सबंध खोलीत फुलांचा वास म्हणून नव्हता. बैठक संपल्यावर तंबोऱ्यावर गवसणी चढवताना भोपळ्यावर हिरवी भुकटी साचलेली दिसली. ज्या स्पंजात फुले खोचली होती, त्या स्पंजाची ती भुकटी होती. आणि खिडकीबाहेर, दहा पावलांवर, पहाटेपासून पारिजातकाचा सडा पडलेला होता. त्यातले एक फूलही कोणी आत आणले नव्हते. मीही आणले नव्हते. दोष मुलांचा नव्हे. मी त्यांना राग शिकवले, फुले शिकवली नाहीत.

आपल्या संगीतात कोणी भर सकाळी मालकंस आळवू लागला तर जाणकार भुवया उंचावतात. श्रावणात मल्हार ऐकावा, वसंतात बहार ऐकावा, हे आपण लहानपणापासून जाणतो. फुलांच्या बाबतीत मात्र ही जाण आपण अलीकडे हरवून बसलो आहोत. वास्तविक चैत्र-वैशाखात मोगरा, भाद्रपदात तेरडा, श्रावण ते कार्तिक पारिजातक, थंडीत शेवंती, फाल्गुनात पळस, असे हे वेळापत्रक आपल्या आजीला तोंडपाठ होते. बारमाही फूल हे बारमाही रागासारखे असते. ते केव्हाही लागते, म्हणून ते केव्हाचेच नसते.

याचे उत्तम उदाहरण शोधायला लांब जावयास नको. आपल्या शेजारच्या तेलुगू भगिनी दर वर्षी ते आपल्या दारात मांडतात. भाद्रपद अमावस्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस बतुकम्माचा सण असतो. २०१४ साली तेलंगण राज्य झाले आणि त्याच वर्षी या सणाला राज्योत्सवाचा मान मिळाला. पण सण त्याहून फार जुना आहे. त्यातली दोन मुख्य फुले पाहा. एक गुनुगु, म्हणजे आपले कुरडू. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटतो ते. दुसरे तंगेडू, म्हणजे आपला तरवड. माळावर आपोआप वाढणारा, ज्याच्या सालीने कातडी कमावतात तो. जोडीला झेंडू, शेवंती आणि भोपळ्याची पिवळी फुले. पाऊस सरता सरता या मुलुखात जे फुलते, तेच ताटात येते.

मांडणीही बघण्यासारखी असते. ताटावर भोपळ्याची पाने अंथरतात. कडेने फुलांचा एक थर, त्यावर किंचित आत सरकलेला दुसरा, असे करीत शिखर चढते आणि माथ्यावर हळदीची गौरी बसते. मधल्या पोकळीत भरण कशाचे, तर त्याच फुलांचे खुडलेले देठ आणि पाने. म्हणजे फूलच फुलाला आधार देते. बाहेरून काही आणावे लागत नाही. स्त्रिया तिच्याभोवती फेर धरतात, टाळ्यांच्या ठेक्यावर गातात, आणि शेवटी ती तळ्यात सोडतात. ज्या मातीपाण्यातून फुले आली तिथेच ती परत जातात. कुरडूचे तुरे सुकले तरी मान टाकत नाहीत आणि तरवडाचा पिवळा रंग लांबून हाक मारतो, हे ज्या कोणी प्रथम हेरले तिला मी मोठी कलावती म्हणेन.

वाचकहो, याच दिवसांत आपल्या घरी भोंडला असतो. पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर, ओठांवर गाणी. दोन्ही फेर एकाच नक्षत्राखाली, एकाच शहरात, कधी कधी एकाच गल्लीत चालतात. १९५६ साली मराठवाडा वेगळा झाला, आपण मात्र इथेच राहिलो. तेव्हा हे शेजारपण आपणही निवडलेले आहे. आणि फुलापत्रीची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. महालक्ष्म्यांपुढे आपण आघाडा आणि दूर्वा ठेवतो. काही घरांत तेरड्याचे रोप मुळासकट आणून त्यालाच गौर मानतात. रोप जसे उगवले तसेच देव्हाऱ्यात बसवणे, याहून नैसर्गिक मांडणी आणखी कोणती असणार?

पाश्चात्य देशांतही ही जाण काहींना झाली. १९२९ साली कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनी लंडनमधल्या एका अत्तराच्या दुकानाच्या दर्शनी खिडकीत कुंपणावरची रानफुले आणि पाने मांडली, तेव्हा ती पाहायला गर्दी लोटली. पुढे १९३४ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. कोबीच्या जातीची भाजीची पाने फुलांत मांडायलाही त्या कचरत नसत. फुलदाणीत फुले उभी राहावीत म्हणून त्या जाळीची तार चुरगाळून आत बसवीत. मग १९५४ साली अमेरिकेत तो हिरवा स्पंज निघाला आणि सगळ्यांची सोय झाली. कोणतेही फूल, कोणत्याही कोनात, क्षणात उभे! पण तो रासायनिक राळेचा फेस आहे. तो कुजत नाही. त्याचे बारीक बारीक कण होतात आणि ते पाण्यात जातात. एका दिवसाच्या शोभेसाठी एवढे मागे ठेवून जाणे मला तरी शोभत नाही.

स्पंजावाचून अडत नाही, हे स्वानुभवाने सांगतो. भांड्याच्या तोंडाशी दोन-चार काटक्या आडव्या-उभ्या अडकवल्या की फांदी स्थिर राहते. फुले उन्हाआधी किंवा दिवेलागणीला कापावीत, देठ तिरका कापावा, आणि पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, म्हणजे पाणी लवकर नासत नाही. चाफ्याला फुलदाणी कशाला? तो पाण्यावर तरंगत ठेवावा. मोगरा ओल्या फडक्यावर राहतो. पारिजातक तर खुडायचाच नसतो. रात्री झाडाखाली धुतलेले धोतर पसरावे आणि पहाटे ते अलगद उचलावे. अण्णा असेच करीत. मग पितळी ताटात फुले ओतून देत आणि बोटानेही सारखी करीत नसत. मी एकदा त्यांची नक्षी काढायला बसलो तेव्हा म्हणाले, “राहू दे. ती झाडाखाली जशी पडली होती तशीच इथे पडू देत. सुराला ओढून आणायचे नसते, तो राहतो तिथे जाऊन त्याला भेटायचे असते.” फांदी वाकडी असेल तर ती सरळ करू नये, तिचा बाक दिसेल अशी ठेवावी, आणि दोन फुलांमध्ये जागा सोडावी, हे मी त्यावरूनच शिकलो. गाण्यात विश्रांती असते तशी ती जागा असते.

परंतु या सगळ्याला आधी झाड लागते. हैदराबाद हे बागांचे शहर. मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९१ साली ते वसवले आणि आपल्या दखनी काव्यात वसंताला व पावसाळ्याला जागा दिली. जामबाग, बशीरबाग, रामबाग, बागलिंगमपल्ली, ही नावे आपण रोज उच्चारतो. त्यांतला बाग आता नावापुरता उरला आहे. घाऊक फुलबाजार गुडीमल्कापुरात भरतो आणि तिथे हवे ते मिळते, पण शहराभोवतीचे माळ घरांखाली गेले तसा तरवड दूरवरून आणावा लागतो.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. आमचे घरही आता पाडून नवी इमारत बांधावयाची आहे. छत गळते, बहिणींचा वाटा द्यावयाचा आहे, धाकट्या भावाची मुले मोठी झाली आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. नकाशात पारिजातकाच्या जागी मोटारी उभ्या करावयाच्या आहेत. मी एकच अट घातली आहे की, झाडाभोवतीची जागा मोकळी राहावी. होकार अजून आलेला नाही, म्हणून माझी सहीही अजून झालेली नाही. अट मान्य होईलच असे मला वाटत नाही. तेव्हा पावसाळ्यात त्याच्या बियांची रोपे केली आहेत. शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक घरी एकेक जाईल, ज्यांना अंगण नाही त्यांच्या गच्चीवरच्या पिंपात.

येत्या आश्विनात आपल्या मराठी घरांतील भोंडल्याच्या पाटाभोवती दुकानातली माळ नको. कुरडू आणि तरवड विकायला येणाऱ्या बाईकडून दोन जुड्या घ्याव्यात, तिच्याकडूनच थर कसे रचतात ते विचारून घ्यावे आणि शेजारणीला फेरात बोलवावे. ती आनंदाने येईल, असा माझा अनुभव आहे. अण्णांच्या बैठकीला या वर्षी कमान नाही. पहाटे धोतर पसरायला दोन विद्यार्थी येणार आहेत. झाड उभे असेपर्यंत ते शिकून घेतलेले बरे.