सोवळे, साबण आणि आजारी मूल

'मंत्रचळ' हा शब्द मराठीत आपण बहुधा हसत हसत वापरतो. पुन्हा पुन्हा हात धुणारी मावशी, कुलूप चारदा ओढून पाहणारे काका ही आपल्या कौटुंबिक विनोदातील ठरलेली पात्रे. मीही या विनोदात सामील होते. माझ्या मुलीला सातव्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि पुढच्या वर्षभरात ते पात्र मीच झाले, तेव्हा हे हसणे किती उथळ आहे ते कळले.

डॉक्टरांचे नियम साधे होते. मुलीजवळ जाण्यापूर्वी साबणाने हात धुवा, सर्दी झालेल्या माणसांना दूर ठेवा. या नियमांमागे मोठा इतिहास आहे. व्हिएन्नातील प्रसूतिगृहात १८४७ साली सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा हात धुण्याचे महत्त्व नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु वीस सेकंद साबण चोळला की स्वच्छतेचे काम संपते, भीतीचे संपत नाही. मी नळ बंद करी आणि नळाला हात लागला म्हणून पुन्हा धुई. दाराच्या कड्या, ग्रंथालयाची पुस्तके, तपासायला आणलेल्या उत्तरपत्रिका, सारेच संशयित झाले. प्रत्येक धुण्यानंतर क्षणभर सुटका वाटे आणि त्या सुटकेमुळेच पुढचे धुणे अटळ होई. या विकाराची रीतच ही आहे, हे पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडून समजले.

त्याच वर्षी मी वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत होते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राच्या आरंभीच लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकिगत सांगितली आहे. आम्ही अध्यापक ती निर्मळ विनोदाचा नमुना म्हणून शिकवतो. परंतु लक्ष्मीबाईंनी त्या वेडाचे मूळही सांगून ठेवले आहे. १८५७ च्या धामधुमीत वडिलांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्यानंतर हे सोवळे सुरू झाले. ज्या दुःखावर काहीच करता येत नव्हते, त्यापुढे धुणे तेवढे हाती उरले, असे मला त्या वर्षी प्रथमच वाटले. मुलीचा श्वास माझ्या हाती नव्हता, नळ मात्र होता.

तरीही एक फरक उरतोच. सोवळ्याला आज आपण निःशंकपणे अंधश्रद्धा म्हणतो. जंतूंच्या भयाला मात्र विज्ञानाची प्रतिष्ठा असल्यामुळे ते वेळीच ओळखू येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आपण भाज्या धुतल्या, दुधाच्या पिशव्या पुसल्या. करोनाचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो, वस्तूंवरून फार थोडा, हे पुढे स्पष्ट झाल्यावरही कित्येकांना ती धुलाई सोडवली नाही. वास्तविक जंतू जात पाहत नाही. त्यामुळे जंतुशास्त्राने स्पर्शाची जुनी उतरंड मोडायला हवी होती. परंतु भीती नवी उतरंड रचते आणि घरातल्याच माणसाला ओवळे ठरवते.

आमच्या घरी ओवळी ठरली ती मुलगीच. एका रात्री तिला पुन्हा ताप भरला. मी हात धुऊन येईपर्यंत ती अंथरुणात उठून बसली होती. म्हणाली, "आई, मी पण हात धुतलेत. आता जवळ घेशील?" तिच्या रक्षणासाठी मांडलेल्या या सगळ्या खटाटोपातून ती एवढेच शिकली होती की आपण अस्वच्छ आहोत.

त्यानंतर मी उपचार घेतले. हात न धुता भीती सोसत बसायचे, हा त्यातील मुख्य सराव. तो अवघड असतो, पण भीती खरोखरच ओसरते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की घरच्यांनी अशा पालकाला हसू नये, दटावू नये आणि त्याच्या धुण्याला हातभारही लावू नये. त्याला तज्ज्ञांकडे न्यावे. डॉक्टरांनीही 'हात धुवा' याबरोबर 'एवढे पुरे' हे सांगावे. आणि आपण अध्यापकांनी 'स्मृतिचित्रे'मधील तो भाग शिकवताना वर्ग हसला तर हसू द्यावा, लक्ष्मीबाईंना ते अभिप्रेतच आहे. फक्त फाशीचा उल्लेख घाईने ओलांडून पुढे जाऊ नये.