फुंकर मारू नका, उघडून बघा

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम होता, त्यांना एक विद्या कुणी न शिकवताच यायची. पडद्यावर मुंग्या आल्या की कॅसेट काढायची, बासरीसारखी ओठांशी धरायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायची आणि परत दाबून बसवायची. मारिओ उड्या मारायला लागायचा. फुंकर लागू पडली, अशी सगळ्यांची खात्री! गुण फुंकरीचा नव्हताच. काढ-घाल करताना आतल्या पिना कॅसेटच्या पट्ट्यांवर घासल्या जायच्या आणि तुटलेला संपर्क जुळायचा. फुंकरीने उलट तोंडातला ओलावा पट्ट्यांवर बसून त्या काळ्या पडायच्या.

ती कॅसेट माळ्यावर असेल तर खाली काढा. पट्ट्यांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, मग कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसून घ्या. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि चिकटपणा असतो. पट्ट्या वाळल्यावरच कॅसेट बसवा.

तरी दिवा लागत नसेल तर आधी संशय अडॅप्टरवर घ्या. मी एकदा घाईत जुन्या कॉर्डलेस फोनचा अडॅप्टर लावला. पिन बरोबर बसली, म्हणून आत प्लस कुठे नि मायनस कुठे, हे पाहिलंच नाही. करपल्याचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. अडॅप्टरवर आणि यंत्राच्या पाठीवर एक छोटं चित्र छापलेलं असतं : मधला ठिपका, त्याला वेढणारी कमान आणि प्लस-मायनसच्या खुणा. दोन्ही चित्रं आणि व्होल्टचे आकडे जुळल्याशिवाय बटण दाबू नका. एक साधा मल्टिमीटर घरात असू द्या. अडॅप्टरमधून वीज येते की नाही, हे तो क्षणात सांगतो.

हे झालं जुन्या डब्यांचं. आजच्या घरांत प्लेस्टेशन ४ पुष्कळ आहेत. २०१३ साली बाजारात आलेलं हे यंत्र आता विमानासारखं घोंघावतं आणि खेळ रंगात आला की बंद पडतं. ‘बोर्ड गेला’ हे ऐकून लोक हजारो रुपये मोजतात. पण वॉरंटी संपलेली असेल, तर आधी ते उघडून बघा. बऱ्याचदा आत निघते ती पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांत बसलेली धुळीची गोधडी.

प्लग काढा आणि अर्धा तास थांबा. स्क्रू सहा पाकळ्यांचे असतात आणि त्यांच्या मधोमध बारीक टोक असतं, त्यामुळे टोकाला भोक असलेला स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल. नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट करून डोकी झिजवू नका. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि काढलेले स्क्रू थर्माकोलच्या तुकड्यात ज्या त्या जागी खोचा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो बोर्डात घुसू शकतो. धूळ रंगाच्या मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा गरगर फिरला की त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय तो उलटी वीजही तयार करतो. चिपवरची पेस्ट सुकून खपली झाली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

आता थांबायच्या जागा. वीजपुरवठ्याचा बंद डबा उघडायचा नाही. त्यातले कपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर भारलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ चावतात. एचडीएमआयचं तोंड तुटलं असेल तर ते गरम हवेची मशीन असलेल्या कारागिराकडे न्या. प्लेस्टेशन ५ ची बाजूची झाकणं हाताने निघतात, ती काढून आतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि तिथेच थांबा. या यंत्राच्या मुख्य चिपवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, तो सांडला तर बोर्ड शॉर्ट होईल. डिस्कचा ड्राइव्ह बदलायची वेळ आली तर जुन्या ड्राइव्हची सर्किट-पट्टी फेकू नका. बऱ्याच यंत्रांत ती मुख्य बोर्डाशी जोडीने बांधलेली असते, आणि दुसऱ्याची पट्टी लावली की डिस्क वाचली जात नाही.

आणि टॉवेल. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० बिघडला की त्याच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागत. ग्राफिक्स चिपचे बारीक जोड तापून-निवून तडकायचे. मायक्रोसॉफ्टने २००७ साली त्यासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. लोकांनी मात्र यंत्र टॉवेलात गुंडाळून चालू ठेवायचा तोडगा काढला! उष्णतेने तडकलेले जोड तात्पुरते टेकायचे, दोन दिवस खेळ व्हायचा आणि मग यंत्र कायमचं जायचं. काहींनी तर बोर्ड ओव्हनमध्ये भाजले. असले व्हिडिओ आजही फिरतात, बघून सोडून द्या.

रिमोटची काडी आपोआप सरकते, ही तक्रार बहुधा काडीखालचा भाग झिजल्याची असते. निन्टेंडो स्विचच्या जॉय-कॉन रिमोटमध्ये तो भाग डाक न लावता बदलता येतो. इतर बहुतेक रिमोटमध्ये डाक उकलावा लागतो, तो हात बसल्यावर करा.

एवढं करूनही यंत्र उठलं नाही, तर भंगाराच्या गाडीवर टाकू नका. पंखा, वायर आणि हार्ड डिस्क काढून ठेवा, शेजारच्या कुणाच्या तरी यंत्राला लागतील. उरलेला सांगाडा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.