मूर्ती राखली, टोपली टाकली

आदिवासींच्या स्मृतिशिल्पांचा विषय निघाला की ती ‘कला’ आहेत की ‘संस्कृतीच्या अभ्यासाची साधने’ आहेत, हा प्रश्न मराठी समीक्षेत हटकून उपस्थित होतो. हा प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. वस्तू तिच्या जागेवरून उचलली गेल्यानंतरच तो विचारता येतो. आणि ती कोणी उचलली याचे उत्तर देण्याच्या जबाबदारीतून तो समीक्षकाला अलगद सोडवतो.

या उचलण्याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतले आहे. गॅबॉन व त्यालगतच्या काँगोच्या प्रदेशातील कोता समाज आपल्या थोर पूर्वजांच्या कवट्या व अस्थी टोपलीत जपत असे. पितळेच्या व तांब्याच्या पत्र्याने मढवलेली एक लाकडी आकृती त्या टोपलीवर राखणदार म्हणून बांधलेली असे. वसाहतकाळात या आकृत्या युरोपात गेल्या. टोपल्या बहुतेक मागेच राहिल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. आकृतीचा खालचा पोकळ, शंकरपाळ्याच्या आकाराचा भाग टोपलीत बसवून बांधण्यासाठी होता. टोपली गेल्यावर तो उघडा पडला आणि पाश्चात्त्य रसिकांना ते गुडघ्यांत वाकलेले पाय वाटू लागले. बांधणीची एक सोय अशा रीतीने ‘आविष्कार’ ठरली. हुआन ग्रिस या चित्रकाराने १९२२ मध्ये कोता आकृतीची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली. तीत अर्थातच टोपली नव्हती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ मध्ये आदिम व आधुनिक कलाकृती शेजारी शेजारी मांडून त्यांच्यातील ‘आप्तभाव’ दाखवला, तेव्हा टॉमस मॅकएव्हिली व जेम्स क्लिफर्ड यांनी या आप्तभावावर नेमका आक्षेप घेतला: नाते जोडण्याचा अधिकार येथे एकाच पक्षाकडे होता.

मराठी सौंदर्यविचाराला हा आक्षेप लागू पडत नाही, असे मानण्याचे कारण नाही. मर्ढेकरांच्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या कसोटीला कोता आकृती सहज उतरेल. किंबहुना ती फारच सहज उतरेल, आणि शंका घ्यावी ती येथेच. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावाद व लौकिकतावाद या दोन ध्रुवांमधला ताण साक्षेपाने उलगडला. त्यानंतरच्या समीक्षेने मात्र त्या ताणाची सोयीस्कर वाटणी केली: नागर साहित्याच्या वाट्याला अलौकिकता, आदिवासींच्या वाट्याला लौकिकता. एकाला रूप मिळाले, दुसऱ्याला माहिती.

ही वाटणी किती खोटी आहे हे पाहण्यासाठी आफ्रिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. एबरहार्ड फिशर व हकू शाह यांचा ‘वेतरा ने खांभा’ हा ग्रंथ गुजरात विद्यापीठाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. दक्षिण गुजरातेतील चौधरी, गामीत व वसावा समाजांनी मृतांसाठी उभारलेल्या लाकडी आकृत्या व स्मृतिफलक हा त्याचा विषय. हे समाज नंदुरबारच्या वाचकाला परके नाहीत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गामीत, गावित व मावची एकाच नोंदीत येतात; वसावे अक्कलकुव्यात घरोघरी भेटतात. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, नवापूरच्या रेल्वे फलाटावरून राज्याची सीमा गेली. सोयरिकी आणि पूर्वज त्या सीमेने विभागले नाहीत. विभागले ते वाचन. गुजरातेत प्रसिद्ध झालेला ग्रंथ मराठी समीक्षेला आपला वाटला नाही. ‘देशी’चा उच्चरवाने पुरस्कार होऊ लागला त्या काळातही हे घडावे, यातून त्या ‘देशा’ची सीमा प्रमाण मराठीच्या सीमेशी किती मिळतीजुळती होती हे उघड होते.

स्मृतिशिल्प हे व्याकरणाच्या भाषेत विशेषनाम आहे. ते अमुक एका मृताचे असते. त्याच्या घरच्यांनी विधिपूर्वक उभारलेले असते. संग्रहालयात पोहोचताच त्याचे सामान्यनाम होते: ‘स्मृतिस्तंभ, लाकूड, वसावा’. मृताचे नाव जाते, घडवणाऱ्याचे जाते, उरते जमातीचे. साहित्यसमीक्षा याहून वेगळे काय करते? वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा एका कवीचा संग्रह आहे. त्याची चर्चा मात्र ‘आदिवासी साहित्य’ या पाटीखाली होते. मर्ढेकर कुठल्याही जमातीचे प्रतिनिधी नसतात. सोनवणे यांना ते असावेच लागते.

यावर असे म्हटले जाईल, की रूपवादी नजरेने निदान त्या आकृतीचा चेहरा तरी पाहिला. टोपलीचा आग्रह धरणारे चेहराच विसरतात. आक्षेप खरा आहे. केवळ संदर्भ जपणारा अभ्यास शिल्पकाराच्या निवडीला, त्याच्या हाताच्या कसबाला न्याय देत नाही. पण रूप आणि टोपली यांतून एकच निवडावे लागते, हे गृहीतकच मुळात संग्राहकाचे आहे. बांधणाऱ्याने ती दोन्ही एकत्र बांधली होती.

हा वाद केवळ परिभाषेचा नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे आली. नर्मदा जलतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याने खातेदार कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन देऊ केली. जमिनीला माप असते, म्हणून तिचा मोबदला ठरू शकतो. पूर्वज जेथे निजले त्या जागेचे माप कोणत्या एककात घ्यायचे? वस्तू उचलून दुसरीकडे ठेवली तरी ती तीच राहते, या श्रद्धेवर संग्रहालय उभे असते; पुनर्वसनाचा कागदही त्याच श्रद्धेवर लिहिला जातो. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा सिद्धान्त मांडणाऱ्यांना हे साम्य अभिप्रेत नसेल, पण त्याची जबाबदारी त्यांना टाळता येणार नाही.

फ्रान्सने २०२१ मध्ये बेनिनला २६ वस्तू परत केल्या. वस्तू परत करता येतात. टाकून दिलेली टोपली परत करता येत नाही. म्हणून रूपाची चर्चा सुरू करण्यापूर्वी समीक्षेने तीन साधे प्रश्न विचारले पाहिजेत: हे कोणाचे, कोणी उभारले, आणि येथवर कसे आले? ज्या समीक्षेला हे प्रश्न साहित्यबाह्य वाटतात, तिने आपल्या हातातील मूर्तीचे पाय एकदा नीट पाहावेत. ते पाय नाहीत.