नऊ रुपयांची साखर

परवा दुपारी शेजारच्या वहिनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षातून उतरल्या. चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद. "अहो ताई, साखर नऊ रुपये किलो मिळाली!" म्हणाल्या. बायपासवर नवीन मार्ट झालंय. तिथे 1499 रुपयांच्या खरेदीवर एक किलो साखर नऊ रुपयांत, अशी योजना होती. चहा घेता घेता आम्ही दोघींनी ते लांबलचक बिल उलगडलं. त्यांच्या यादीतलं सामान झालं होतं 1180 रुपयांचं. उरलेली रक्कम गाठायला त्यांनी नूडल्स, बिस्किटं आणि फरशी पुसायचं सुगंधी लिक्विड असं 330 रुपयांचं आणखी घेतलं. साखर आमच्या गावात 44 रुपये. म्हणजे वाचले 35 आणि त्यासाठी गेले 330. शिवाय रिक्षाचे जाऊन-येऊन 60. वहिनी क्षणभर गप्प झाल्या, मग हसून म्हणाल्या, "पण फरशीला वास छान येतो हं!"

मैत्रिणींनो, वहिनींना मी हसणार नाही, कारण मीही हेच केलेलं आहे. पूर्वी मॉल म्हणजे पुण्या-मुंबईची गोष्ट होती. आता तालुक्याच्या गावातही ट्रॉली ढकलत खरेदी करता येते. माल हाताळून बघता येतो, कुणी "लवकर सांगा" म्हणून खेकसत नाही, भाव लिहिलेला असतो. हे सुख खरंच आहे. आणि मोठी दुकानं कंपनीकडून एकदम भरपूर माल उचलतात, त्यामुळे त्यांना स्वस्त विकणं परवडतं, हेही खरं. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत निघालं, ते कार्डांपेक्षा रोजच्या कमी भावावर चाललं. पण स्वस्त म्हणजे कोणती वस्तू, कुणासाठी आणि कशाच्या बदल्यात? हा हिशेब दुकान करून देत नाही, तो आपल्यालाच करावा लागतो.

पहिली गोष्ट, सूट कशावर आहे ते बघा. पाकिटावरची एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. ती कंपनीच छापते. तिच्यापेक्षा जास्त घेणं हा गुन्हा, कमी घेण्याला बंदी नाही. म्हणून "एमआरपीवर 30 टक्के सूट" या पाटीला तसा अर्थ नाही. शेजारच्या दुकानात तीच वस्तू कितीला आहे, हाच प्रश्न खरा. साखर, तेल, तूरडाळ यांचे भाव आपल्याला तोंडपाठ असतात. म्हणून मोठी दुकानं नेमक्या याच वस्तू उतरवतात. मसाले, फरसाण, साबण, प्लॅस्टिकचे डबे यांचे भाव कोण पाठ करतं? कसर तिथे भरून निघते.

दुसरी गोष्ट, भाव नेहमी किलोचा काढा. 2021 साली पाकिटबंद मालाच्या नियमांत बदल झाला. काही वस्तू ठराविक वजनातच भरण्याची जुनी सक्ती गेली आणि त्याऐवजी पाकिटावर किलो, ग्रॅम किंवा लिटरमागे किंमत छापणं बंधनकारक झालं. ती बारीक अक्षरातली ओळ चष्मा लावून वाचा. मी वाचते. आमच्या मार्टात एक किलोची कपड्यांची पावडर 112 रुपयांना होती आणि तीन किलोचा "फॅमिली पॅक" 345 ला, म्हणजे किलोला 115. मोठं पाकीट स्वस्तच असतं, हा आपला जुना समज. शाम्पूचंही तसंच, पुष्कळदा रुपयाच्या पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात.

तेलाचा डबा घेताना तर दोनदा बघा. डबा 15 किलोचा आहे की 15 लिटरचा? तेल पाण्याहून हलकं. एक लिटर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात जेमतेम 13 किलो 650 ग्रॅम तेल. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण फरक सव्वा किलोहून जास्त आहे.

धान्याचंही एक गणित आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर पाच टक्के जीएसटी लागतो, सुट्या धान्यावर तो नाही. वाण्याकडची सुटी डाळ निवडायचा त्रास असतो हे मान्य, पण ती मुळातच त्या कराशिवाय येते.

उलट 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि तूप-लोण्यावरचा 12 वरून 5 वर. सोप्या भाषेत, जी वस्तू करासकट 118 रुपयांना मिळत होती ती 105 ला मिळायला हवी. हे तेरा रुपये कुठल्या दुकानाने दिलेली भेट नव्हे, तो आपला हक्क. पण आधी काय भाव होता हेच लिहून ठेवलेलं नसेल, तर हक्क मिळाला की नाही हे कळणार कसं?

आता ते कार्ड आणि पॉइंट. आमच्याकडच्या योजनेत शंभर रुपयांना एक पॉइंट आणि चार पॉइंटांचा एक रुपया. महिन्याला 3000 ची खरेदी केली, तर वर्षभरात 360 पॉइंट, म्हणजे 90 रुपये. शंभराला चार आणे! त्यातही मुदत संपली की पॉइंट गेले. शिवाय पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, दुकान आहे तोवरच त्यांना किंमत. 2001 साली सुरू झालेलं बिग बझार आठवतं ना? 2006 पासून 26 जानेवारीच्या सुमाराला "सबसे सस्ते दिन" साठी तिथे झुंबड उडायची. 2022 मध्ये ती दुकानं बंद झाली. मोठं दुकान कायमचं असतं असं नाही.

बिलाच्या वेळी मोबाइल नंबर मागतात तोही बिनकामाचा नसतो. आपण काय घेतो, कधी घेतो, याची नोंद त्यांना हवी असते. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही अशी सक्ती दुकानांनी करू नये, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने मे 2023 मध्ये बजावलेलं आहे. "नंबर द्यायचा नाही," एवढं शांतपणे म्हणा. अडवलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

आता खरी अवघड गोष्ट. आमच्या बचत गटात ब्लाउज शिवणारी एक बाई आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याने तिला तीन महिने वहीवर धान्य दिलं होतं. पुढे मार्ट आलं, चार पैसे वाचतात म्हणून ती तिकडे जायला लागली. यात तिचं काय चुकलं? पण गेल्या दिवाळीआधी तिचा नवरा परातीवरून पडला, पाय मोडला, मजुरी थांबली. ती वाण्याकडे गेली. तो म्हणाला, "वहिनी, दीड वर्ष फिरकला नाहीत. आता रोखीनंच न्या." मार्टात तर उधारीचं नावच नाही. शेवटी धान्यासाठी तिने गटातून 3000 रुपये उचलले, महिना दोन टक्क्यांनी. महिन्याचं व्याज 60 रुपये. म्हणजे वर्षाचे सगळे पॉइंट दीड महिन्याच्या व्याजात गेले.

म्हणून वाणी देवमाणूस असतो असं मी म्हणत नाही. वहीवर घेणाऱ्या बाईला भाव विचारायचा संकोच वाटतो आणि तो त्याचा फायदा घेतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. डाळीला दोन-तीन रुपये जास्त लावणं, बिल न देणं, हे चालतंच. पण पगार ठरलेल्या तारखेला येणाऱ्या घराला जे दुकान स्वस्त, ते हातावर पोट असलेल्या घराला स्वस्त असेलच असं नाही. पावशेर तेल, दहाची हळद आणि अडीअडचणीची उधारी यांचीही किंमत असते, ती फक्त पाटीवर लिहिलेली नसते. म्हणून महिन्यातलं थोडं सामान तरी वाण्याकडून घ्यावं, मात्र भाव विचारून आणि स्वतःच्या वहीत लिहून.

भाव विचारणं हे काही कमीपणाचं काम नाही. 1972 साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागे मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या महागाईचा जाब विचारायलाच. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने पुढची वाट दाखवली. शेजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक येतो आणि गटातच वाटला जातो. हे आपल्या गावात का होऊ नये? आमच्या गटाने गेल्या दिवाळीला अकरा घरांचं तेल, रवा आणि साखर बाजार समितीजवळच्या घाऊक दुकानातून एकत्र आणलं. टेम्पोचं भाडं धरूनही मार्टापेक्षा स्वस्त पडलं. भांडणं झाली का? झाली, एका डब्यावरून. पण पाडव्याला परत सगळ्या जणी हजर!

सुरुवात मात्र एका शंभर पानी वहीपासून करा. घरात दर महिन्याला लागतातच अशा वीस वस्तू लिहा. पुढे तीन रकाने: वाणी, मार्ट, घाऊक. भाव किलोचा. यादीबाहेरचं काही घेतलं तर ते लाल शाईने लिहा. महिन्याअखेर लाल आकड्यांची बेरीज करा, आपली साखर खरोखर कितीला पडली ते कळेल.

वहिनींनी वही केली आहे. पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय, फरशीचं लिक्विड.